घोडा बदलणें आणि इंजिन बदलणें

बदलापूर या नांवाची एक उपपत्ति त्या भागांत सर्वतोमुखीं आहे. कल्याणच्या बंदरांतून घाटाकडे जाणारे आणि घाट उतरून बंदराकडे येणारे स्वार येथें आपले थकलेले घोडे बदलीत, म्हणून गांवाचें नांव बदलापूर. या दंतकथेची छाननी इतिहाससंशोधकांनीं करावी. पण ज्या कोणी ती प्रथम सांगितली त्याला वाहतुकीचें मर्म चांगलें उमगलें होतें, यांत शंका नाहीं. चढण लागण्याच्या आधीं ताजा घोडा हवा. आणि जेथें पाणी आहे, वैरण आहे, नाल ठोकणारा माणूस आहे तेथेंच तो बदलावयास हवा. उल्हास नदीच्या कांठचें तें बदलापूर आणि त्याच्या पूर्वेचें शिरगांव आतां इमारतींनीं भरून गेलें आहे. घोड्यांची जागा मोटारींनीं घेतली आहे. मात्र थकलेल्या वाहनाला ताजी शक्ति कशी द्यावी, आणि तिला किती दाम पडेल, हा जुना प्रश्न तेवढा मागें राहिला आहे.

घोडा बदलणें स्वस्त पडे, याचें कारण साधें आहे. घोडा आणि खोगीर या दोन वेगळ्या वस्तु. बंद सुटले कीं जुना घोडा मोकळा. तेच बंद नव्या घोड्याच्या पोटाखालीं आवळले कीं स्वार वाटेला लागला. नवा घोडा चार बोटें उंच असला म्हणून कोणी रिकीब वितळवून नवी ओतीत नाहीं. मोटारीचें इंजिन बदलण्याचा विचार ज्यांनीं ज्यांनीं केला, त्यांच्या मनांत कळत-नकळत हेंच चित्र असतें. आणि पुष्कळांचा खर्च अंदाजाबाहेर जातो तोहि याच चित्रामुळें.

आगगाडीनें हें चित्र मोडलें नाहीं, उलट तें अधिक ठसविलें. कल्याणहून बदलापूर, नेरळ, कर्जत या मार्गानें खोपोलीपर्यंत जी. आय. पी. रेल्वेची गाडी १८५६ सालीं धांवूं लागली, आणि १८६३ सालीं बोरघाटांतून लोहमार्ग वर गेला. घाटांतील चढण सदतिसास एक अशी कडक. ती चढण्यासाठीं कर्जतला गाडीच्या मागें जादा इंजिनें जोडण्याची वहिवाट आहे. पुढें १९३० च्या सुमारास कल्याण-पुणें मार्ग विजेवर आला. ठाकुर्लीजवळ चोळें येथें त्यासाठीं वीजघर उभें राहिलें, आणि वाफेच्या इंजिनाची जागा विजेच्या इंजिनानें घेतली. डब्यांना या क्रांतीची खबरहि लागली नसेल. आंकडा सोडला, आंकडा जोडला, कीं काम झालें. आगगाडी म्हणजे लोखंडी रुळांवरचें बदलापूरच होय.

मोटारीची गोष्ट निराळी. तिचें इंजिन गाडीपुढें जोडलेलें नसतें, तें गाडीच्या पोटांत असतें. ज्या रबरी बैठकींवर तें टेकतें त्या बैठकी, क्लच, गिअरपेटी, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, डिफरन्शिअलमधील दांत्यांचें प्रमाण, रेडिएटर, धूर बाहेर नेणारी नळी, पुढच्या स्प्रिंगा, ब्रेक, बॅटरी, यांतील प्रत्येक वस्तु मूळ इंजिनाचें वजन, शक्ति आणि फेऱ्यांची गति हिशेबांत धरून ठरविलेली असते. गॅरेजमधील मिस्त्री 'इंजिन बसेल' असें म्हणतो तेव्हां तो बहुधा बॉनेटखालची जागा मोजून म्हणतो, आणि तें खरेंहि असतें. इंजिन बसतें. प्रश्न बसण्याचा नसून बसल्यानंतर चालण्याचा असतो.

म्हणूनच इंजिन न बदलतां केवळ त्याचा आहार बदलण्याची युक्ति प्रथम पुढें आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेट्रोल मोजून-मापून मिळूं लागलें, तेव्हां हिंदुस्थानांतील अनेक मोटारींना आणि बसगाड्यांना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडण्यांत आली. लांकडी कोळसा कोंडलेल्या हवेंत धुमसत ठेवावयाचा, त्यांतून निघणारा ज्वालाग्राही वायु गाळून थंड करावयाचा आणि तोच पेट्रोलच्या ऐवजीं इंजिनाला पाजावयाचा. इंजिन तेंच, ठिणगीहि तीच. खर्च भट्टीचा आणि नळ्यांचा. परंतु या आहारांत कस कमी. गाडीची शक्ति तिसऱ्या हिश्श्यानें, कधीं त्याहूनहि अधिक घटे; सकाळीं भट्टी पेटवून ती तापेपर्यंत वाट पाहावी लागे, आणि गाळण्या वेळेवर साफ न केल्या तर राख आंत जाऊन पिस्टनचीं कडीं झिजत. पेट्रोल पुन्हा मोकळेपणानें मिळूं लागतांच या भट्ट्या नाहींशा झाल्या. अडचणीमुळें पतकरलेली गोष्ट अडचण संपतांच टाकून द्यावयाची, हें शहाणपण त्या पिढीनें दाखविलें. पुढच्या पिढ्यांना तें नेहमींच साधलें असें नाहीं.

युद्धानेंच आणखी एक वाहन या प्रांतांत आणलें, तें म्हणजे जीप. कल्याणजवळची लष्करी छावणी युद्धानंतर ओस पडली आणि तींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली. त्या वस्तीला १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. छावणीचें नगर झालें, तसें लष्करी जीपचें मुलकी वाहन झालें. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिस जीपची जुळणी सुरू केली. युद्धांतील त्या जीपचें पेट्रोल इंजिन सुमारें २२०० घन सेंटिमीटरचें आणि साठ अश्वशक्तीचें होतें. चपळ, काटक, पण पेट्रोलच्या बाबतींत उधळें. पेट्रोल स्वस्त होतें तोंवर कोणी फार तक्रार केली नाहीं. १९७३ सालीं तेल निर्यात करणाऱ्या देशांनीं भाव चढविले आणि सारा हिशेब पालटला. सत्तरच्या दशकांतच महिंद्रनें जीपला डिझेल इंजिन दिलें. तें इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनाच्या वंशांतील होतें. नंतर १९८० च्या दशकांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचें २११२ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन आलें आणि त्यासाठीं इगतपुरी येथें कारखाना उभा राहिला.

ट्रॅक्टरचें इंजिन जीपला कां मानवलें, हें नीट पाहण्यासारखें आहे. जीपखालीं पोलादी चौकट असते, जिला कारागीर चॅसिस म्हणतात. इंजिनाचें वजन आणि हादरे ती चौकट सोसते, वरचा पत्रा नव्हे. बॉनेटखालीं जागा ऐसपैस. जीपला ताशीं साठ मैल धांवावयाचें नसतें, चिखलांतून बाहेर पडावयाचें असतें. आणि डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवरहि जोर लावतें. जें वाहन आधींपासूनच बैलासारखें होतें त्याला बैलाचें काळीज मिळालें, म्हणून तें जगलें. पेट्रोलवरच्या अनेक जुन्या जीपगाड्यांच्या मालकांनीं हाच कित्ता गिरविला. मोठ्या अमेरिकन मोटारी ज्यांच्याजवळ उरल्या होत्या त्यांनींहि तेंच केलें. एखाद्या डॉजच्या किंवा प्लिमथच्या लांबलचक बॉनेटखालीं पर्किन्सचें, नाहीं तर पुण्याजवळ आकुर्डीला बनणाऱ्या मॅटॅडोर गाडीचें डिझेल इंजिन धडधडत असल्याचें दृश्य मुंबई-पुण्याकडे एके काळीं नवलाचें राहिलें नव्हतें. बाहेरून सरदार, आंतून भारवाहू. पण गाडी चाले, आणि मालकाला ती विकावी लागत नसे.

खरी कसोटी लागली ती फियाटच्या बाबतींत. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं स्थापलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही मोटार तयार होई. तिचें नांव पुढें पद्मिनी झालें, पण मुंबईकरांच्या तोंडीं ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, शक्ति चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत हिचेंच राज्य होतें. हिला जीपसारखी निराळी चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. आतां डिझेल इंजिनाचा स्वभाव असा कीं, त्यांत ठिणगी नसते. हवा केवळ दाबून इतकी तापवावयाची कीं तींत सोडलेलें तेल आपोआप पेटावें. त्या काळच्या पेट्रोल इंजिनांत हवा सुमारें आठपट दाबली जाई, तर अशा डिझेल इंजिनांत वीसपटीच्या आसपास. हा दाब सोसण्यासाठीं तें इंजिन जाड बिडाचें, म्हणून जड. आणि त्याचा प्रत्येक ठोका हातोड्याचा. असें यंत्र पत्र्याच्या कण्यावर चढविलें म्हणजे पुढच्या स्प्रिंगा बसतात, स्टिअरिंग जड होतें, बैठकींच्या भोंवतालचा पत्रा हादऱ्यांनीं तडकतो, आणि वेल्डिंग करणारा माणूस घरचा पाहुणा होऊन बसतो.

कारखानदारांनाहि हें अगदींच सोपें गेलें असें नव्हे. हिंदुस्थान मोटर्सनें अँबॅसडरच्या चौदाशे एकोणनव्वद घन सेंटिमीटर इंजिनावर काँटेसा नांवाची मोठी गाडी काढली. त्या देहाला तें इंजिन अपुरें पडलें, आणि शेवटीं जपानच्या इसुझू कंपनीचें अठराशे घन सेंटिमीटरचें इंजिन तिला द्यावें लागलें. प्रीमियरची ११८ एन. ई. ही १९८५ ची गाडी म्हणजे इटालियन बांध्याला जपानी निसानचें इंजिन. पुढें १९९० च्या दशकांत पद्मिनीलाहि इटलीच्या एफ. एन. एम. कंपनीच्या नमुन्याचें १३६६ घन सेंटिमीटरचें डिझेल इंजिन कारखान्यांतूनच मिळूं लागलें. परंतु कारखान्यांत एकाच बदलासाठीं केलेला अभ्यास हजारों गाड्यांवर वांटला जातो. गॅरेजमध्यें तोच अभ्यास एका गाडीच्या मालकाला एकट्यानें विकत घ्यावा लागतो. आणि पुष्कळदां तो अभ्यास झालेलाच नसतो, चुकांच्या रूपानें हप्त्याहप्त्यानें होत असतो.

तरीहि नव्वदीच्या सुमारास मुंबईंतील टॅक्सीवाले डिझेलकडे वळले, तें अज्ञानामुळें नव्हे. त्यांचा हिशेब मांडून पाहावा. समजा, टॅक्सी दिवसाला १०० किलोमीटर चालते; पेट्रोलवर लिटरला १० किलोमीटर आणि डिझेलवर १५ किलोमीटर जाते; आणि पेट्रोलचा भाव डिझेलच्या दुप्पट आहे. पेट्रोलचे १० लिटर म्हणजे डिझेलच्या २० लिटरांचें मोल. डिझेलवर तेंच अंतर पावणेसात लिटरांच्या आंत कापतां येतें. दिवसाची बचत सव्वातेरा लिटर डिझेलच्या किंमतीएवढी. महिन्याचे २५ दिवस धरले तर सुमारें ३३३ लिटरांची. इंजिन, बैठकी, जोडपट्टी, क्लच, रेडिएटर, मजुरी आणि गाडी उभी राहिल्यामुळें बुडालेली कमाई मिळून खर्च ४००० लिटर डिझेलच्या किंमतीइतका आला असें धरलें, तर तो बरोबर एका वर्षांत फिटतो. दुसऱ्या वर्षापासून शिल्लक. टॅक्सी बहुधा कर्जाऊ पैशावर घेतलेली, घर चाळींतल्या एका खोलीचें, मुलांची शाळा त्याच मीटरवर चाललेली; अशा माणसाला एका वर्षांत फिटणारा खर्च अवघड वाटला नाहीं, तर त्याला दोष कसा द्यावा?

आतां तोच हिशेब एखाद्या घरगुती मोटारीला लावावा. ती दिवसाला १० किलोमीटर चालते. बचत दहावा हिस्सा. म्हणजे तोच खर्च फिटावयास दहा वर्षें. दहा वर्षांत पत्रा गंजेल, गाडी विकली जाईल, किंवा मालकाची बदली होईल. शिवाय विकतांना गिऱ्हाईक बॉनेट उघडून पाहतें आणि मूळ इंजिन नाहीं म्हणून भाव पाडतें, ती तूट वेगळीच. थोडी चालणारी गाडी असलेल्या पुष्कळ गृहस्थांनीं टॅक्सीवाल्याची नक्कल केली ती केवळ डिझेलचा भाव पाहून. स्वत:च्या गाडीचे किलोमीटर मोजावयाचे मात्र ते विसरले.

या दोहोंच्या मधला एक मार्ग आहे व तो दिसावयास नीरस आहे: इंजिन बदलावयाचेंच तर त्याच जातीचें बसवावयाचें. किंवा त्याहून साधें म्हणजे जुनेंच उघडून सिलिंडर बोअर करावयाचे, नवे पिस्टन-रिंग घालावयाचे, क्रँक घासून घ्यावयाची. त्याच जातीचें जुनें इंजिन कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारांत मिळे. बैठकी त्याच, क्लच तोच, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. यांत धोका एवढाच कीं, बाजारांतलें इंजिन स्वत: किती झिजलेलें आहे हें तें बसवून चार महिने चालविल्याखेरीज कळत नाहीं. आपलें म्हातारें विकून दुसऱ्याचें म्हातारें घरीं आणण्याचे प्रसंग या व्यवहारांत थोडे नव्हते. ज्याला आपल्या इंजिनाचा इतिहास ठाऊक आहे त्यानें तें दुरुस्त करावें, असें जुने कारागीर सांगत आले, आणि तो सल्ला अजून बिनतोड आहे.

टॅक्सीवाल्याच्या हिशेबांत एक रकान मात्र कोणी धरला नव्हता, तो धुराचा. जुनें, झिजलेलें, हातानें बसविलेलें डिझेल इंजिन. त्याचा पंप आणि इंजेक्टर वेळेवर तपासले न गेले तर अर्धवट जळालेलें तेल काजळीच्या रूपानें बाहेर पडतें. मुंबईच्या रस्त्यांवर त्या वेळीं पन्नास हजारांहून अधिक टॅक्सी होत्या. टॅक्सीवाल्याची बचत त्याच्या खिशांत पडे. तिची किंमत फुटपाथवरून चालणारा, खिडकी उघडी ठेवणारा, दम्याचा रोगी असे अनोळखी लोक देत. १९९९ सालीं स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या संस्थेनें मुंबईच्या उच्च न्यायालयांत अर्ज केला. न्यायालयाच्या सांगण्यावरून परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली, आणि पुढील कांहीं वर्षांत जुन्या टॅक्सींना स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे आदेश निघाले. तें इंधन म्हणजे दाबून भरलेला नैसर्गिक वायु, ज्याला सारी मुंबई सी. एन. जी. म्हणते. तो पुरविणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ सालीं स्थापन झाली होती.

येथें नशिबाचा एक विलक्षण फेरा आला. नैसर्गिक वायु ठिणगीनें पेटतो. ज्यानें आपलें मूळ पेट्रोल इंजिन टिकवून ठेवलें होतें त्याला फक्त वायूचें साहित्य आणि टाकी बसवावी लागली. ज्यानें पेट्रोल इंजिन भंगारांत देऊन डिझेल चढविलें होतें त्याला तें डिझेल इंजिन उतरवून पुन्हा पेट्रोल इंजिन शोधावें लागलें, आणि मग वर वायूचें साहित्य. एकाच गाडीवर दोन वेळां इंजिन बदलण्याचा खर्च. त्याचा पहिला हिशेब चुकला नव्हता. पण तो हिशेब इंधनाचे भाव आणि सरकारचे नियम आहेत तसेच राहतील या गृहीतावर उभा होता, आणि नेमकें तेंच गृहीत ढासळलें. वायूची टाकी जाड पोलादाची. ती दोनशे वातावरणांचा दाब सोसते आणि मागची डिकी व्यापून बसते. मुंबईच्या टॅक्सीच्या टपावर सामानासाठीं लोखंडी कॅरिअर दिसतो तो यामुळें. उतारूंची ट्रंक टपावर गेली, पण वायु स्वस्त होता; शक्ति थोडी घटली, तरी मुंबईच्या गर्दींत ती खर्चावयाला मोकळा रस्ता तरी कोठें होता?

कायद्याची नजर या साऱ्या व्यवहारावर पहिल्यापासून होती. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांतहि फेरफाराविषयीं कलम होतें. १९८८ च्या कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, कारखानदारानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाशीं नोंदणीपुस्तकांतील तपशील विसंगत होईल असा बदल मालकानें करूं नये. इंधन बदलण्याचें मान्य साहित्य बसविण्यास अटींवर मुभा आहे. निदान दहा व्यापारी वाहनें बाळगणाऱ्याला त्याच जातीचें इंजिन बदलण्याची सवलत राज्यसरकार देऊं शकतें, असेंहि त्यांत आहे. 'त्याच जातीचें' हे शब्द महत्त्वाचे. जुन्या कारागिरांचा सल्ला आणि कायद्याचें कलम येथें एकमेकांच्या हातांत हात घालतात. जानेवारी १९१९ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे जानेवारी २०१९ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणांत या कलमाचा अर्थ कडकपणें लावला. नोंदणीपुस्तकांत न चढविलेल्या इंजिनाची गाडी अपघातांत सांपडली तर विम्याच्या दाव्याला अडथळा येतो. गॅरेजच्या बिलांत हा खर्च कोणी लिहीत नाहीं, पण तो सर्वांत मोठा ठरूं शकतो.

भावांचें गणितहि पुढें बदललें. पेट्रोलचे भाव २०१० सालीं आणि डिझेलचे २०१४ सालीं सरकारी नियंत्रणांतून सुटले, आणि दोहोंमधील दरी अरुंद झाली. मघांचेंच उदाहरण घेऊन दोन्ही भाव सारखे धरले, तर महिन्याची बचत ३३३ लिटरांवरून ८३ लिटरांवर येते, आणि एका वर्षांत फिटणारा खर्च चार वर्षें घेतो. ज्या हिशेबानें एके काळीं हजारों बॉनेटें उघडलीं त्याचा पायाच निघून गेला. आतां पेट्रोलचें इंजिन काढून विजेची मोटर व बॅटरी बसविण्याची चर्चा चालते. त्या साहित्याला चाचणी-संस्थेचें प्रमाणपत्र लागतें, तें गाडीच्या नमुन्यागणिक; अशा चाचण्या घेणाऱ्या संस्थांपैकीं एक, १९६६ सालीं स्थापन झालेली ए. आर. ए. आय., पुण्यांतच आहे. बॅटरीचा भाव या खर्चांत सर्वांत जड, आणि तिलाहि जुन्याच पत्र्याच्या कण्यावर बसावयाचें आहे.

मुंबईच्या फियाटचें आयुष्य इंजिनानें नव्हे, वयोमर्यादेनें संपलें. २००८ सालीं पंचवीस वर्षांवरील टॅक्सी हटविण्याचें ठरलें. २०१३ सालीं ती मर्यादा वीस वर्षांवर आली. इंजिन केव्हां बदललें, कितीदां बदललें, हें तो नियम विचारीत नाहीं. तो गाडीच्या नोंदणीची तारीख पाहतो. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कचेरींत नोंदली गेली होती, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिला टॅक्सी म्हणून चालण्याचा हक्क उरला नाहीं. परवाना मात्र मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी उतरवून त्याच परवान्यावर नवी चढवितां येते, आणि फियाटवाल्यांनीं एकामागून एक तसेंच केलें: तोच परवाना, तोच काळा-पिवळा रंग, टपावर तोच कॅरिअर, आणि खालीं वॅगन-आर, सँट्रो किंवा ईको.